पाणी खुणेखाली जाईपर्यंत

युसूफ गेल्याचा फोन आला तेव्हा मी कामोठ्याला मुलाच्या घरी ताटात भात कालवत होतो. फोनवर अमिनावहिनी होत्या, युसूफची बायको. रडत नव्हत्या. एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, तुमचा राखणदार उठला हो बांदावरनं..." मी ताटावरून उठलो, सदरा चढवला आणि नातवाला म्हटलं, रिक्षा बघ. तुर्भ्याच्या खालच्या अंगाला खाडीकाठी आमचं जुनं गाव आहे, तिथे पोचेपर्यंत मयत निघायच्या बेतात होती. कबरीत तीन मुठी माती घालायची असते. मी तीनच घातल्या, पण हात चौथीसाठी खाली गेला. माती घालायची सवय आम्हा दोघांना लहानपणापासूनची. कुठे थांबायचं ते तेवढं त्याला कळायचं, मला नाही.

त्याच्या आधी आठच दिवस मी त्याच्याकडे गेलो होतो. खाटेवर पडून होता, आवाज मात्र शाबूत. वहिनींनी जिताडा माशाचं कालवण केलं होतं. दर वेळी करायच्या, दर वेळी मी फक्त भाकरी आणि सुकटीची चटणी खायचो. युसूफ म्हणाला, "या टायमाला तरी खा रं बाळ्या. साठ वर्सं झाली." मी मान हलवली. आगरी माणसानं जिताडा सोडला म्हणजे काय सोडलं, हे ज्यानं श्रावण-भाद्रपदातला जिताडा खाल्लाय त्यालाच कळेल. माझ्या बायकोनं मला उभ्या जन्मात एवढ्या एकाच गोष्टीसाठी वेडा म्हटलं. का सोडला, ते तिलाही मी अर्धंच सांगितलं होतं. आज पुरतं सांगतो.

आणखी एका कारणानं सांगतो. आमच्या सोसायटीच्या बाकावर संध्याकाळी चार पेन्शनर बसतात. मीही बसतो, नाही म्हणत नाही. त्यातले एकजण एकदा मोबाइलवर काहीतरी वाचून म्हणाले, "यांच्या धर्माची सुरुवातच तलवारीनं झाली." मी मयतीहून येऊन तीन दिवस झाले होते. म्हटलं, "साहेब, सुरुवातीची गोष्ट मी आगरी बोलीत ऐकलीय, जाळं विणता विणता. तुम्ही कशात वाचलीत?" त्यांनी मोबाइल खिशात टाकून विषय बदलला. पण मी काही गप्प बसणार नाही, असं त्याच बाकावर ठरवलं.

पन्नासच्या दशकातलं आमचं गाव म्हणजे एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला भातखाचरं आणि मध्ये मातीचा बांध. सगळा जीव त्या बांधात. तो राहिला तर पोटाला भात. फुटला तर खारं पाणी शेतात शिरणार आणि पुढची दोन-तीन वर्षं जमिनीत गवतही धड उगवणार नाही. म्हणून पावसाळ्यात अमावास्या-पुनवेच्या उधाणाला बांधावर पाळी लागायची. खेकडे बांधाला भोकं पाडतात. भोक दिसलं की पेंढा आणि चिखल कोंबायचा. काम सोपं, पण हात हवेत. एकट्यानं होत नाही. आणि एक रीत होती. पाळीचा म्होरक्या आपली काठी खाडीच्या बाजूला बांधात रोवायचा. काठीला कोयत्यानं पाडलेली खूण असायची. भरती चढो, उतरो, पाणी त्या खुणेखाली जाईपर्यंत कुणी जागा सोडायची नाही.

युसूफचं घर गावातलं एकटंच मुसलमानाचं. त्याचे वडील इब्राहीमचाचा पनवेलकडून बांध घालायला म्हणून आले आणि इथलेच झाले. चिखल हातात घेऊन तो किती दिवस टिकेल ते सांगायचे. त्यांच्याकडे पैगंबरांच्या चरित्राचं उर्दू पुस्तक होतं, पानं सुटलेलं, सुतळीनं बांधलेलं. शुक्रवारी नमाज झाली की पडवीत बसून ते वाचायचे आणि आम्हाला आमच्या बोलीत सांगायचे. समोर मी आणि युसूफ जाळ्याची भोकं सांधत बसलेलो. "तेरा वर्सं मक्केत मार खाल्ला. हात नाय उचलला. मानसांना तापल्या वाळूवर निजवलं, वाळीत टाकलं, तरी नाय." मी विचारायचो, "आन मग?" "मग गाव सोडला. मदिनेला गेले. तवा हुकूम आला, का ज्यांच्यावर जुलूम झालाय, ज्यांना घराभायेर काढलंय, त्यांना आता लढायची मुभा हाय. मुभा, बरं का! हौस नाय." चाचा हे 'मुभा' फार सावकाश म्हणायचे. मला मात्र लढाया कधी येतात याची घाई असायची. वयच तसं होतं.

तर त्या वर्षी भाद्रपदातली पुनव. माझे वडील हिराजी गावचे पंच. त्यांनी कच्च्या जागेवर पाचजण नेमले, आम्ही चौघं आगऱ्यांची पोरं आणि म्होरक्या युसूफ. आम्ही विशीतले, तो आमच्याहून वर्षानं मोठा. दुपारी साडेबारा-एकला भरती काठोकाठ आली, बांधाच्या माथ्याशी लागली, थोडा वेळ थांबली आणि उतरू लागली. आम्ही ओरडलो, जिंकलो! पाणी अजून काठीच्या खुणेच्या वीतभर वर होतं. तेवढ्यात पलीकडच्या वळणावर कांदळाच्या मुळांत जिताडे अडकलेले दिसले. एक नाही, सात-आठ, हाताएवढे. पाणी उतरताना असे अडकतात आणि क्षणात निसटतातही. मी सगळ्यांच्या आधी धावलो. युसूफ मागून ओरडला, "बाळ्या, खूण दिसूं दे! खूण!" मी म्हटलं, "तू बघ खूण, तुझ्या वाट्याचा आनतो." चौघंही गेलो. तो राहिला.

किती वेळ गेला असेल? एक चिलीम ओढून होईल एवढा. कमरेच्या फडक्यात दोन जिताडे बांधून मी परतलो, तर बांधच नव्हता. दहा-बारा हात खांड पडलेली, खाडी आत धावत होती आणि कडेला चिखलाच्या दरडीखाली युसूफ. एक पाय मांडीपर्यंत दबलेला, कपाळ फुटलेलं, मुठीत ती काठी. आम्ही नखांनी उकरून त्याला काढला. शुद्ध नव्हती. काढताना फडकं सुटून मासे पडले, ते मी लाथेनं खाडीत ढकलले. तेही गावानं पाहू नये म्हणून.

गाव धावून आलं. वडिलांनी विचारलं, "कोनी केला ह्यो?" पलीकडच्या गावाशी आमचं वैर जुनं होतं. खाडीत जाळ्याचे खुंट कुणी कुठवर ठोकायचे यावरून. बांध फोडीन अशी धमकी त्यांच्यातल्या एकानं बाजारात दिलीही होती. युसूफचं फुटकं कपाळ, मुठीतली काठी... बघणाऱ्याला मारामारीच दिसत होती. तेव्हा एकजण बोलला, "आमाला त्यांची होडी जाताना दिसली." होडी दिसली होती हे खरं. रोजच जायची, मासे धरायला. ते बोलणारा मी होतो.

युसूफला मचव्यात घालून ठाण्याच्या दवाखान्यात नेलं. तो तिथे अकरा दिवस होता. त्या अकरा दिवसांत गावानं कोयत्यांना धार लावली. ठरलं असं की सकाळच्या ओहोटीला जायचं, त्यांचे खुंट उपटायचे आणि होड्या जाळायच्या. आडवा येईल त्याला सोडायचं नाही. माझे वडील तसे थंड डोक्याचे. पण खाचरांत खारं पाणी उभं होतं, पोटरीवर आलेला भात पिवळा पडत होता आणि एक पोर दवाखान्यात होतं. ते पुन्हा पुन्हा म्हणायचे, "आपन मारायला नाय चाललो. आपन आपला बचाव करायला चाललो." मी तिथेच बसून कोयता घासत होतो. खरं सांगतो, घासता घासता माझाही विश्वास बसायला लागला होता की त्यांनीच फोडला. खोटं चार वेळा ऐकलं की आपल्यालाच खरं वाटतं, त्याला काय करता?

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी गावदेवीच्या देवळापुढे सगळे जमले होते आणि खाडीवरून मचवा आला. युसूफला खाटेवर घालून चाचांनी आणि मचवेवाल्यांनी आणलं. पाय लाकडाच्या पट्ट्यांत बांधलेला. बातमी त्याला मचव्यातच कळली होती. खाट खाली ठेवायच्या आधीच त्यानं विचारलं, "हिराकाका, मना कोनी मारला?"

वडील म्हणाले, "तू सांग. नाव घे फकस्त."

"हात उचलायची मुभा ज्याच्यावर जुलूम झालाय त्याला हाय. आपल्यावर जुलूम झालाय का, त्ये आधी बगाया नको?"

आणि मग कण्हत, थांबत थांबत त्यानं उहुदच्या लढाईची गोष्ट सांगितली. देवळापुढे, हातात कोयते घेतलेल्या माणसांना. मक्केवाले मदिनेवर चालून आले तेव्हा पैगंबरांनी पाठीमागच्या टेकडीवर तिरंदाज बसवले आणि बजावलं की आम्ही जिंकलो तरी उतरू नका, हरलो तरी उतरू नका. लढाई जिंकत आली. खाली लूट पडलेली दिसली. बरेचसे तिरंदाज उतरले, थोडे राहिले. मोकळ्या टेकडीमागून घोडेस्वार आले आणि जिंकलेली लढाई फिरली. राहिलेले तिरंदाज मारले गेले. पैगंबरांचाही दात तुटला, तोंड रक्तानं भरलं. एवढं सांगून युसूफ थांबला. त्यानं कुणाकडे पाहिलं नाही. माझ्याकडे तर नाहीच.

समोर शंभर माणसं, पुढे बसलेले माझे वडील. मी बोललो नसतो तरी चाललं असतं. तो नाव घेणार नव्हता, हे मला पक्कं कळलं होतं. दुसऱ्या दिवशी कुणीतरी मेलं असतं, तिकडचं नाहीतर इकडचं, आणि मी जन्मभर पाटलाच्या ऐटीत फिरलो असतो... माझे पाय कधी उभे राहिले मला ठाऊक नाही. म्हटलं, "बा, आमी जागा सोडली. जिताडे धरायला गेलो. पयला मी गेलो. होडीचं बी मीच बोललो. त्यांनी काय नाय केला."

वडिलांनी अख्ख्या गावासमोर माझ्या कानाखाली वाजवली. दुसरी मारायला हात उचलला तसा युसूफ खाटेवरून म्हणाला, "काका, याला मारून बांद भरतोय काय?"

गावानं आम्हा चौघांना वाळीत टाकायचं म्हटलं. खांड भरून काढायला माती लागणार, माणसं लागणार, चार दिवसांवरची अमावास्या हातची गेलीच होती, पुढच्या पुनवेच्या उधाणाला वीस दिवसही नव्हते, आणि गाव आधी शिक्षेचं बघत होतं. युसूफनं मागितलं ते निराळंच. "पुढच्या पाळीला हेच चौघं पायजेत." वडील जवळजवळ किंचाळले, "यांना? परत?" तेव्हा तो नाही, चाचा बोलले. उहुदच्या नंतर पैगंबरांनी त्या माणसांना हाकललं नाही. त्यांना माफ करावं, त्यांच्याशी नरमाईनं वागावं आणि पुढेही त्यांचा सल्ला घेत जावं, असाच हुकूम आला. आणि दुसऱ्याच दिवशी त्याच जखमी, हरलेल्या माणसांना घेऊन ते पुन्हा बाहेर पडले, शत्रू परत फिरू नये म्हणून. चाचा म्हणाले, "नवी मानसं आनायची कुटून, हिराजी? हायेत त्यांनाच उबं करायचं." आता, गावदेवीसमोर मुसलमानाच्या गोष्टीवर निवाडा झाला म्हणून कुणी नाक मुरडलं का? एक-दोघांनी मुरडलं. बाकीच्यांना बांध दिसत होता.

खांड आमच्या एकट्या गावाच्यानं भरणार नव्हती. वडील पलीकडच्या गावात गेले, कोयत्याशिवाय, आणि त्यांनी घडलं ते सगळं सांगितलं, माझ्यासकट. त्यांनी माणसं द्यायचं कबूल केलं, पण जाळ्याचे खुंट दोन काठ्यांच्या मापानं मागे घ्या म्हणाले. वडिलांचा चेहरा पडला. परत येऊन म्हणाले, "मान गेला, आता खाडी बी गेली." युसूफनं त्यांना समजावलं की पैगंबर मक्केच्या वेशीपर्यंत यात्रेला आले होते आणि लढाई नको म्हणून तिथूनच तह करून माघारी फिरले. अटी उघड उघड तोट्याच्या होत्या, जवळचे लोकही रागावले होते. पण त्याच तहानं पुढची वाट मोकळी झाली. वडील विडी विझवून म्हणाले, "दोन काट्या तं दोन काट्या." सहा दिवस दोन्ही गावांनी माती वाहिली. चाचा म्हणायचे, मदिनेभोवती खंदक खणला तेव्हा पैगंबरांनी स्वतः माती वाहिली होती. हे ऐकल्यावर पंचांनाही पाटी उचलावी लागली, काय करतात बिचारे!

पुनवेचं उधाण आलं. आम्ही चौघं बांधावर, युसूफ खाटेवर, ती काठी रोवलेली. पाणी उतरू लागलं आणि त्याच वळणावर, त्याच मुळांत जिताडे फडफडायला लागले. देवाला थट्टा करायची हौस असते. मी माझे पाय चिखलात घोट्यापर्यंत रुतवून उभा राहिलो. कुणी हललं नाही. पाणी खुणेखाली गेलं तेव्हा युसूफनं नुसती मान डोलावली. मी मात्र रडलो आणि त्या दिवसापासून जिताडा तोंडात घालायचा नाही असं ठरवलं.

त्याचा पाय कधीच सरळ झाला नाही. ती खुणेची काठी मग त्याच्या हातातच राहिली, चालायला. पासष्टच्या लढाईच्या दिवसांत तुर्भ्याच्या बाजारात एकानं त्याला विचारलं, "तू कुनाच्या बाजूचा रं?" मी त्या माणसाच्या अंगावर गेलो, तर युसूफनं तीच काठी माझ्या गळ्यात अडकवून मला मागे ओढलं. "त्यानं मारलं का तुला? पैगंबरांनी तेरा वर्सं धोंडे झेलले. तुला एक शबुद झेलवत नाय?" मी तणतणत म्हणालो, तू नेभळट आहेस. तो हसला. "येल आली तं पयला हात माझा आसंल. पन ती येल रागानं नाय ठरवायची." आणि वेळ आलीच. त्याच वर्षी काही उनाड पोरं बांधावरचा पेंढा पेटवायला आली, तेव्हा हा लंगडा माणूस काठी घेऊन असा उभा राहिला की तिघं चिखलात पडली आणि बाकीची पळाली. मी पोचलो तेव्हा तो त्या तिघांना पाणी पाजत होता.

पुढे जमिनी गेल्या, शहर आलं. बांध होता तिथे आता कारखान्यांच्या पाठीमागची भिंत आहे, थोडं कांदळवन आणि होड्यांसाठी बांधलेल्या चार दगडी पायऱ्या. राखायला काही उरलं नाही. तरी दर अमावास्या-पुनवेला दुपारी युसूफ तिथे जायचा, काठी पायरीशी पाण्यात टेकवून उभा राहायचा. जमेल तेव्हा मीही जायचो. एकदा विचारलं, "तेव्हा आमचा राग नाही आला तुला?" म्हणाला, "लय आला. दवाखान्यात रोज तुला मारायचो मनात." "मग परत आम्हालाच का उभं केलंस?" तो म्हणाला, "दुसऱ्या कुनाला उबं केलं आसतं, तं तू आजून त्या जिताड्यांच्या मागंच आसतास."

त्याच्या चाळिसाव्या दिवशी गेलो तेव्हा वहिनींनी काठी माझ्या हातात दिली. खूण अंगठ्यानं झिजून गुळगुळीत झाली आहे. परवा अमावास्या होती. मी एकटा पायऱ्यांवर गेलो, शेवटच्या पायरीशी काठी टेकवली आणि उभा राहिलो. पाऊण वाजता पाणी फिरलं. मुलाचा फोन आला, "बाबा, कुठे आहात? जेवायचं नाही का? ऊन किती आहे!" मी म्हटलं, "पाणी अजून खुणेवर आहे." त्याला काही कळलं नाही. गुडघे दुखत होते, एकदा वाटलं बसावं. बसलो नाही. दोन वाजून गेले, आणि खूण ओली, उघडी, पाण्याबाहेर आली.

मग गावात गेलो. वहिनींनी नेहमीसारखी भाकरी आणि चटणी काढली. मी म्हटलं, "वहिनी, जिताडा हाय काय?" त्यांनी चटणीची वाटी मागे घेतली.

"हाय," त्या म्हणाल्या.

"मग वाढा."